पंडितजी दोर ओढतात

आमच्या घराण्यात भिक्षुकी दोघांनी सोडली. एक मी आणि दुसरा माझा चुलतभाऊ. मी मंचरच्या एका बँकेत चिकटलो आणि तो सैन्यात गेला. मौज अशी, की भिक्षुकी सोडून गेलेल्या माणसाला सैन्यानं पुन्हा भिक्षुकीच दिली. वर नायब सुभेदाराचा हुद्दा दिला, पगार दिला, गणवेश दिला. मला मात्र बँकेनं चष्मा तेवढा दिला.

सैन्यात पुरोहित असतो हे आमच्या अवसरी खुर्दला तोवर ठाऊक नव्हतं. चावडीवर तीन दिवस चर्चा चालली. "म्हंजे बंदुकीला हळदकुंकू लावायचं का?" असं एकानं विचारलं. दुसऱ्यानं शंका काढली, की लढाई सुरू व्हायची असेल तर आधी मुहूर्त हाच काढून देणार काय? आणि समजा पंचांगात त्या दिवशी अमावास्या निघाली, तर शत्रूला कळवायचं कोणी? माझ्या भावानं सगळ्यांना शांतपणे उत्तरं दिली. दसऱ्याला शस्त्रपूजा असते, मुहूर्त साहेब काढतात, आणि अमावास्येची सवलत नाही.

त्याची निवडही गावात गाजली. धर्मगुरूच्या जागेसाठी पदवी लागते, शास्त्राचं शिक्षण लागतं, हे आम्हांला समजण्यासारखं होतं. पण त्याशिवाय सोळाशे मीटर अंतर आठ मिनिटांत धावून दाखवावं लागतं, हे ऐकून माझे थोरले काका, म्हणजे त्याचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, चाट पडले. पहाटे अंधारात हा पठ्ठ्या फाट्याच्या रस्त्यानं धावायचा आणि मागे गावची सगळी कुत्री. तात्या ओट्यावर जानवं चाचपत बसलेले असायचे. एकदा मला म्हणाले, "दक्षिणेसाठी चार-चार कोस चालणारे आपल्यात पुष्कळ झाले रे. पळणारा हा पहिलाच."

पण तात्यांना आतून अभिमान होता. पोरगा नेमणुकीवर गेला त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्या ट्रंकेत गीतेची पोथी ठेवली आणि तिच्याखाली हळूच लसणाच्या चटणीचा डबा. पोथी ट्रंकेतच राहिली, कारण सैन्याकडे पोथ्या भरपूर होत्या. चटणी मात्र सगळ्या पलटणीत फिरली.

पुढं त्याच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं, की या धर्मगुरूंचं एक निराळंच जग असतं. पुण्यात राष्ट्रीय एकात्मता संस्थेत त्यांचं शिक्षण होतं. तिथं पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री एकाच वर्गात बसतात. पलटणीत 'सर्व धर्म स्थळ' म्हणून जागा असते, तिथं एकाच आवारात सगळे देव गुण्यागोविंदानं नांदतात. अधिकारी कुठल्याही धर्माचा असो, पलटणीतल्या जवानांचा जो धर्म, त्या प्रार्थनेला तो हजर राहतो. रंगरुटाची कसम परेड धर्मगुरूच्या साक्षीनं होते. आजारी जवानाला इस्पितळात भेटायला जायचं, कुणाच्या घरून वाईट बातमी आली की त्याच्याजवळ जाऊन बसायचं, हीही कामं त्याचीच. त्याची पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीची. १७६८ सालापासूनची परंपरा, बेळगावला मोठं केंद्र. या मराठा जवानाला सैन्यात लाडानं 'गणपत' म्हणतात. त्यामुळे आमचे बंधुराज सांगत, "बाकीचे भटजी वर्षातून एकदा गणपती बसवतात. माझ्याकडे बारा महिने आठशे गणपत, आणि एकही एका जागी बसत नाही."

त्यात एक विचित्र गोष्ट घडली, ती आधीच सांगून टाकतो. २०१५ सालच्या श्रावणात तात्या गेले. तेव्हा हा वर, सीमेवर. रस्ता दरड कोसळून बंद. तो पोचला आठव्या दिवशी. अग्नी मी दिला. आल्यावर त्यानं दहावं-तेरावं अगदी यथासांग केलं, एक मंत्र चुकला नाही, माझ्या पाठीवर हात ठेवून "बरं झालं तू होतास" एवढं म्हणाला आणि परत गेला. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं पुढं कधीच बोललो नाही. तो रजेवर आला की आम्ही पिकांवर बोलायचो, राजकारणावर बोलायचो, माझ्या चष्म्याच्या नंबरवर बोलायचो. तो विषय सोडून सगळ्यावर.

तर २०२२ सालच्या उन्हाळ्यात एका रात्री त्याचा फोन आला. पलटण नुकतीच बर्फातून खाली पुण्याला उतरली होती.

"रविवारी येतोय. बरोबर आठ पोरं आहेत. वहिनीला सांग, मासवडी कर."

"आठ पोरं कसली?"

"माझी. सुटीचा दिवस आहे. साहेबांची परवानगी काढली आहे. पोरांना गाव दाखवतो, गाडे दाखवतो, जेवू घालतो आणि परत नेतो."

मी म्हटलं, "अरे, पण तू धर्मगुरू ना? पोरांना घेऊन यात्रेत हुंदडणं हे तुझं काम आहे का?"

"तेच तर काम आहे," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

रविवारी सकाळी टेम्पो ट्रॅव्हलर अवसरीचा घाट ओलांडून दारात आली. गावातली पोरंटोरं रणगाडा येणार म्हणून सहा वाजल्यापासून पारावर बसली होती. त्यांचा मोठा हिरमोड झाला. गाडीतून उतरले ते आठ साधे तरुण, टी-शर्ट घातलेले, आणि त्यांच्यामागून धोतर-झब्ब्यातले आमचे बंधुराज. नायब सुभेदारानं असं धोतर नेसून यावं हे गावाला अजिबात रुचलं नाही. "ह्यासाठी मिलिट्रीत कशाला जायचं? धोतर हितंबी हुतं," असं एक आजी मोठ्यानं म्हणाल्या.

जेवणाआधी मासवडीवरून घोटाळा झाला. आमच्या जुन्नर-आंबेगावकडं मासवडी म्हणजे काय हे लहान पोरालाही माहीत. पण हे जवान ठिकठिकाणचे. नाव ऐकताच कोल्हापूरकडच्याचे डोळे चमकले, कारण त्याला त्यात मांस दिसलं. मालवणच्या पोराला त्यात मासा दिसला. दोघांची पैज लागली. न्याय करायला ते पंडितजींकडं गेले. पंडितजींनी डोळे मिटून निर्णय दिला, "दोघंही हरलात. बेसनाची वडी. आत तीळ, खोबरं, कांदा-लसूण. आकार माशासारखा, रस्सा मटणासारखा आणि धर्म शाकाहारी." दोघांचे चेहरे असे पडले, की सौ.ला वाईट वाटलं. पण रश्श्याचा पहिला भुरका मारल्यावर मालवणच्याच्या नाकातून आणि डोळ्यांतून एकदमच पाणी आलं आणि मासा तो विसरला. बाजरीच्या भाकऱ्या किती लागल्या हे सौ.नं मोजलं नाही. मी मोजल्या, पण सांगणार नाही. बँकेतल्या माणसानं काही आकडे गुप्त ठेवावेत.

या सगळ्यात एक पोरगा गप्प होता. सातारकडचा. आठांत सगळ्यांत उंच, मनगट माझ्या दंडाएवढं. वाढलं ते खाल्लं, "बस्स" म्हणाला, ताट स्वतः घासून ठेवलं आणि ओट्याच्या कडेला जाऊन बसला.

मी भावाला हळूच विचारलं, "याला पसंत पडलं नाही का?"

"त्याचे वडील जानेवारीत गेले," तो म्हणाला. "आम्ही वर होतो. खिंड बंद. हवामान वाईट, म्हणून हेलिकॉप्टरही नाही. घरी पोचला तो तेराव्याच्या आदल्या दिवशी. परत आल्यापासून ड्युटी चोख करतो, पण बोलत नाही. मी त्याला गीतेचा दुसरा अध्याय समजावून सांगितला, पाऊण तास."

"मग?"

"त्यानं सगळं ऐकलं, 'जी साहेब' म्हणाला आणि सॅल्यूट ठोकला. गीतेला सॅल्यूट मिळाला, की समजावं, आपलं काम झालेलं नाही."

दुपारी शेजारच्या एका गावच्या यात्रेत बैलगाडे बघायला गेलो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या होत्या. त्या डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा सुरू झाल्या. साडेसात वर्षं उपाशी राहिलेली माणसं जेवणावर जशी तुटून पडतील, तशी गर्दी घाटावर तुटून पडली होती. आमच्याकडं शर्यतीच्या धावपट्टीला घाटच म्हणतात. हे पाहुण्यांना सांगताना माझी तारांबळ उडते, कारण आपण आलो तो डोंगरातला रस्ता म्हणजे घाट, गाडे पळतात तो घाट, आणि नदीवर दहाव्याचा विधी करतात तोही घाटच. मालवणचा जवान म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडं माणूस जल्मभर घाटातच रवता!"

पुढं घोडी, मागं गाडा, वर उडालेला गुलाल, आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळा कारभार आटोपतो. त्या दहा-पंधरा सेकंदांसाठी माणसं वर्षभर बैलाला पोटच्या पोरासारखं जपतात. पहिलीच बारी अशी सुसाट गेली, की नायब सुभेदार पंडितजी उडी मारून बांधावर चढले, उपरणं गरगरा फिरवलं आणि "भिर्रर्र!" अशी आरोळी ठोकली. ती शांतिपाठात बसत नाही, याची मी ग्वाही देतो. जवान गाडे बघायचे सोडून पंडितजींकडं बघायला लागले.

येताना मी पुन्हा छेडलं. "काय रे, तुमच्या पुण्याच्या शाळेत हेच शिकवतात?"

"तिथं माझ्या शेजारी एक पाद्री बसायचा," तो म्हणाला. "त्यानं मला सांगितलेली गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धात बेल्जममध्ये पोपरिंगे म्हणून गाव होतं, आघाडीच्या थोडं मागं. तिथं फिलिप क्लेटन नावाच्या इंग्रज पाद्र्यानं १९१५ च्या डिसेंबरात शिपायांसाठी एक घर उघडलं, टॅल्बट हाउस. माणूस गोल गरगरीत, म्हणून सगळे त्याला 'टबी' म्हणत. घराचा नियम एकच, आत आल्यावर हुद्दा विसरायचा. जनरल असो की शिपाई, चहा घ्यावा, पुस्तकं वाचावीत, बागेत बसावं, पियानो बडवावा. प्रार्थनेची जागा होती, पण ती पार वरच्या माळ्यावर."

"वर का?"

"हेच मी त्याला विचारलं. तो म्हणाला, खाली हसल्याशिवाय कुणी वर चढत नाही."

आणखी एक पाद्री होता म्हणे, स्टडर्ट केनेडी. तो खंदकांत धर्मोपदेशाबरोबर वुडबाइन सिगारेटी वाटायचा. शिपायांनी त्याचं नावच 'वुडबाइन विली' पाडलं. मी म्हटलं, "तू काय वाटतोस?" "लसणाची चटणी," तो म्हणाला. "तात्यांनी दिलेला डबा अजून आहे. भरत असतो." तात्यांचं नाव निघालं तसे आम्ही दोघंही खिडकीबाहेर कांद्याची पिकं बघायला लागलो.

संध्याकाळी आमच्या वावरात रस्सीखेच ठरली. खुर्द म्हणजे धाकटं आणि बुद्रुक म्हणजे थोरलं, हे कुणी तरी फारसीत ठरवून गेलं, तेव्हापासून अवसरी बुद्रुकला आपण थोरले वाटतो, आणि अवसरी खुर्दला २००९ साली सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज झाल्यापासून आपण शहाणे वाटतो. त्यामुळे मिलिट्री आली आहे असं कळताच बुद्रुकचे आठ गडी आपण होऊन दोर घेऊन हजर झाले. विहिरीवर मोटा चालायच्या त्या काळच्या माणसांचे हे नातू, खांदे नांगरासारखे.

जवान सात उभे राहिले. सातारचा उठेना. "मी नाही," एवढंच म्हणाला. कुणी आग्रह केला नाही. आठवा गडी पाहिजे. मी लगेच चष्मा पुसायला घेतला, म्हणजे माझ्याकडं कुणी बघणार नाही. तेवढ्यात पंडितजींनी काष्टा घट्ट मारला, झब्बा काढला आणि दोराच्या शेवटच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. तिथं सगळ्यांत भक्कम गडी लागतो, दोर अंगाभोवती घेऊन तोच संघ धरून ठेवतो. पंडितजींनी जानवं कानाला लावावं तसा तो दोर खांद्यावरून कमरेला घेतला.

"पंडितजी, मंत्र बोला!" कोल्हापूरचा ओरडला.

"मंत्र एकच," पंडितजी म्हणाले. "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की..."

"जय!" हे बुद्रुकवाल्यांनीही जोरात म्हटलं, त्यामुळे देव कुणाच्या बाजूला हे ठरेना.

शिट्टी वाजली. पहिलं मिनिट दोर जागचा हलला नाही. मग पंडितजींच्या पायाखालचं ढेकूळ फुटलं. ते फुटताच सैन्याचा धर्म बसला, आणि बसला तो बसूनच पुढं निघाला. बुद्रुकच्या गड्यांनी सात जवान आणि एक पुरोहित अशी ती आगगाडी नांगरटीतून सरळ ओढत नेली. पंडितजींच्या मागं वावरात पाभरीनं मारावी तशी एक सरळ तास पडली. सगळ्यांनी दोर सोडला तरी त्यांचा सुटेना, कारण त्यांनी तो कमरेला शास्त्रशुद्ध गुंडाळलेला. शेवटी ते उसाच्या सरीत अडकून थांबले, शेंडी चिखलात, आणि वर बघून म्हणाले, "पोरांनो, आपण जिंकलो का?"

सारं वावर हसलं. बुद्रुक हसलं, खुर्द हसलं, सौ. तोंडाला पदर लावून हसली. आणि त्या हसण्यात एक मोठा, घोगरा आवाज मला नवा वाटला. वळून पाहिलं, तर तो सातारचा. तो हसत हसत उठला, पंडितजींना काखेत धरून उभं केलं, त्यांच्या कमरेचा दोर सोडवला आणि स्वतःच्या अंगाभोवती घेतला.

"हटा पंडितजी. हे तुमचं काम नव्हं."

दुसरा डाव आम्ही जिंकला. आम्ही म्हणायचं कारण मी शिट्टी वाजवली होती. तिसरा डाव अंधारामुळे झाला नाही. दोन्ही पक्ष अजूनही तो आपलाच होता असं मानतात.

रात्री जेवणं झाल्यावर गाडी निघायला अवकाश होता. जवान पत्ते कुटत बसले. मी पाणी शेंदायला म्हणून विहिरीकडं गेलो, तर कठड्यावर पंडितजी आणि तो सातारचा पोरगा. पोरगा बोलत होता. वडिलांची सायकल, वडिलांनी भरतीच्या दिवशी दिलेले शंभर रुपये, फोनवर शेवटचं काय बोलले, असं काहीबाही, उलटसुलट. मधेच थांबायचा, नाक पुसायचा, पुन्हा बोलायचा. पाऊण तास तो बोलत होता. पंडितजींनी त्या पाऊण तासात एक शब्द काढला नाही. गीतेचा तर नाहीच नाही. कळशी रिकामीच घेऊन मी परतलो.

मग पोरगा उठून इतरांत गेला, आणि भाऊ माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसला. बसला म्हणजे एका कुशीवर कलंडला. सरळ बसण्याजोगी जागा त्याच्या अंगावर उरली नव्हती.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "त्या दिवशी पाऊस होता का रे?"

कुठला दिवस, असं मी विचारलं नाही. सात वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो आणि तो येऊ नये म्हणून पिकांवर बोलत होतो.

"सकाळी होता," मी म्हटलं. "दुपारी उघडला. लाकडं ओली होती. मला पेटवता येईना. शेवटी बुद्रुकच्या एकानं घरातली कोरडी लाकडं आणून दिली. त्याचा मुलगा आज दोराला होता."

"आणि आधी? तात्या काही बोलले?"

"रात्री विचारलं, कुत्री का भुंकताहेत? मी म्हटलं, असंच. तर म्हणाले, तो पळायला निघाला असेल."

तो पुष्कळ वेळ काहीच बोलला नाही. मीही बोललो नाही. बोलायचं नसतं हे मी नुकतंच विहिरीवर शिकलो होतो. माझे हात त्या दिवशी थरथरत होते, मंत्र मला अर्धेच आले, हे सगळं मी त्याला एकेक करून सांगितलं. इतकी वर्षं मला वाटायचं, की हे ऐकून हा शास्त्रातला माणूस काय म्हणेल. तो म्हणाला, "अर्धे पुरे होतात."

दहा वाजता गाडी निघाली. पंडितजींना बसता येईना, म्हणून मागच्या बाकावर सौ.नं गोधडी अंथरून दिली आणि त्यांना पालथं निजवलं. सातारच्या पोरानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. गाडी सुरू होताना आठही जवानांनी खिडकीतून मला सॅल्यूट केला. मी गोंधळून नमस्कार केला. आतून पंडितजींचा दबलेला आवाज आला, "चटणीचा डबा राहिला रे!"

सौ. डबा घेऊन गाडीमागं धावली, सौ.च्या मागं मी, आणि आमच्या मागं गावची सगळी कुत्री.